पिकअपमध्ये बसतं किती आणि पेलतं किती

वाळूचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळू कोरडी असेल तर त्याचं वजन साडेचार टनांच्या आसपास भरतं, ओली असेल तर पाच टनांच्याही वर जातं. आता साध्या पिकअपचा हौदा डोळ्यांसमोर आणा. लांबी साडेआठ फूट, रुंदी साडेपाच फूट. त्यात फूटभर उंचीपर्यंत वाळू ओतली की जवळजवळ अर्धा ब्रास झाला, म्हणजे दोन टनांच्या वर. फाळके (हौद्याच्या कडेच्या उभ्या बाजू) अजून वरपर्यंत दिसत असतात, बघणाऱ्याला हौदा अर्धा रिकामा वाटतो आणि सव्वा टन पासिंगची, म्हणजे कागदोपत्री तेवढ्याच मालाची गाडी पाऊण टनाहून जास्त ओव्हरलोड झालेली असते.

सिमेंटचंही तेच. ५० किलोची २५ पोती म्हणजे सव्वा टन. हौद्यात ती जेमतेम दीड थर होतात. कोरेगाव-सातारा पट्ट्यात आल्याचा दर प्रतिगाडी सांगतात, आणि ती गाडी ५०० किलोंची. तीन गाड्या आलं म्हणजे दीड टन, तेवढ्यावर बहुतेक जुन्या पिकअपचा हिशोब संपतो. उलट माण-खटावकडचा कडबा घ्या. आभाळाला भिडेल इतका रचला तरी वजनाला टनभर होईल की नाही शंका. त्याचं दुखणं वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

‘दादा, अजून दहा पोती बसतील की’ असं हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डाकडे निघालेल्या प्रत्येक ड्रायव्हरनं ऐकलेलं असतं. बसतीलच. आणि गाडी ती ओढेलही. खरी गोम इथेच आहे. जुन्या पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन आणि पहिल्या-दुसऱ्या गियरची ताकद एवढी असते की पासिंगच्या दीडपट माल घेऊनही गाडी जागची हलते, रस्त्याला लागते, चढही चढते. त्यावरून माणूस ठरवतो की गाडीला हे झेपतंय. पण इंजिन हा गाडीतला एकमेव तक्रारखोर भाग आहे. जास्त भार पडला की ते लगेच काळा धूर सोडतं, गियर मागतं, तापतं. ब्रेक, टायर, बेअरिंग, कमानपाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि चासी (गाडीचा सांगाडा) मात्र गप्प राहून सोसतात. त्यांच्याकडून पहिली तक्रार येते तेव्हा ती बहुधा शेवटचीच असते.

गाडी किती माल पेलते हे आरसी बुकात दोन आकड्यांत लिहिलेलं असतं: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. समजा पहिला आकडा १६५० किलो आणि दुसरा २९५०. वजाबाकी १३०० किलो. पण हे सगळे १३०० मालाचे नव्हेत. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. शेजारी बसलेला मालक आणि मागे पोत्यांवर चढलेले दोन हमाल धरलेले नसतात (मालावर माणसं बसवणं मुळात बेकायदा आहे, पण ते चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय). गाडी घेतल्यावर बसवलेला लोखंडी पिंजरा, फाळक्याला मारलेली जाड अँगल, वाढवलेले पाटे, भिजलेली ताडपत्री, हे सगळं त्याच १३०० मधून जातं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत हौद्याला वेल्डिंग करून करून दीड-दोनशे किलो लोखंड वाढलेलं असणं अजिबात नवल नाही. म्हणून जुनी गाडी घेतली की पहिल्यांदा ती रिकामी काट्यावर न्यावी. पावतीवर येईल तो आकडा खरा, पुस्तकातला नव्हे.

काट्यावर गेलातच तर आणखी एक काम करा. आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घेऊन वजन बघा, मग पूर्ण गाडी घ्या. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे मागच्या चाकांवरचा भार. माल भरून हेच केलं तर एक गोष्ट लक्षात येईल: माल वाढला की मागचा आकडा भराभर वाढतो, पुढचा फारसा हलत नाही. आणि माल मागच्या चाकांच्याही मागे गेला तर पुढचा आकडा चक्क कमी होतो.

हे गणित सोपं आहे. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर आहे. लांब पाइप किंवा सळई घेतली आणि त्यातला ३०० किलो भार मागच्या एक्सलच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाच्या) एक मीटर मागे पडला. पहारीने दगड उचलताना जे होतं तेच इथे होतं. मागचा एक्सल टेकू बनतो आणि गाडीचं नाक उचललं जातं. पुढच्या चाकांवरून १२० किलो भार निघून जातो आणि मागच्या चाकांवर ३०० ऐवजी ४२० किलो येतो. स्टेअरिंग हलकं लागतं, हलकं म्हणून छान वाटतं, पण प्रत्यक्षात पुढच्या टायरनं रस्ता नीट धरलेला नसतो. ओल्या वळणावर स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. त्यामुळे जड माल नेहमी केबिनच्या पाठीला चिकटवून, तळाशी. हलका माल मागे आणि वर. भरायला सोपं पडतं म्हणून हमाल बरेचदा जड पोती फाळक्याजवळच सोडतात. तिथे ड्रायव्हरनं उभं राहायला हवं.

आता पाट्यांकडे येऊ, कारण जुन्या पिकअपच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. गाडी मागून बसायला लागली की गॅरेजमध्ये सांगायचं, ‘दोन पाटे वाढव.’ मिस्त्री पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडतो, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढतो, दोन जाड पाटे घालतो आणि गाडी पुन्हा ताठ उभी राहते. आता तिच्यात दोन टन टाकले तरी ती बसत नाही. यात बदललं काय? फक्त बसणं बंद झालं. एक्सल तोच, चाक फिरवणारा हाफशाफ्ट तोच, ब्रेकचा ड्रम तेवढाच, टायर तेवढेच, चासी तीच. पूर्वी गाडी बसून सांगायची की ओझं जास्त झालंय, आता तेही सांगत नाही. शिवाय कडक पाटे खड्ड्याचा धक्का स्वतः न पिता वर चासीला देतात. मग पाट्याच्या ब्रॅकेटजवळ किंवा केबिनच्या मागे चासीला केसाएवढी भेग पडते.

यापेक्षा वाईट भाग नजरेला दिसत नाही, त्यासाठी गाडीखाली वाकावं लागतं. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह चासीला बसवलेला असतो आणि त्याची बारीक दांडी किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, एक्सल तिथेच राहतो, दोघांतलं अंतर कमी होतं. दांडी त्यावरून व्हॉल्व्हला कळवते की गाडी भरलेली आहे, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी सोडतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी शेपूट फिरवेल. आता विचार करा, पाटे वाढवले. दोन टन माल आहे, पण गाडी बसलेलीच नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी. म्हणजे ज्या वेळी मागच्या ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्या वेळी त्यांना दाब कमी मिळतो. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर. काही ठिकाणी ती दांडी तारेनं वर बांधून टाकतात, म्हणजे दाब कायम पूर्ण. मग तीच गाडी पावसात रिकामी परत येताना ब्रेक दाबला की आडवी होते. पाटे बदलले तर त्या दांडीची सेटिंग नव्याने करून घ्यावी लागते, हे सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका.

पाटे तपासायला फार अक्कल लागत नाही. बाजूने धूळ पुसून बघायचं. तडकलेल्या पाट्यात भेगेच्या जागी गंजाची लालसर रेघ दिसते. पाटे एकमेकांवरून बाजूला सरकलेत असं दिसलं तर सेंटर बोल्टचा संशय घ्यावा. तो तुटला की एक्सल पुढेमागे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते. नवे पाटे घातले असतील तर आठवडाभराने यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

बेअरिंगबद्दल थोडक्यात: त्याचं आयुष्य साधारणपणे भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. चाकावर दीडपट भार टाकला तर आयुष्य दीडपटीने कमी होत नाही, ते एक तृतीयांशाच्याही खाली येतं.

टायरचं तसं नाही, तिथे आकडा स्पष्ट छापलेला असतो. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे एक संख्या असते, उदाहरणार्थ १०६. तिचा अर्थ तो टायर, हवा पूर्ण असताना, ९५० किलो पेलेल. १०० असेल तर ८००, १०४ असेल तर ९००. मागे दोन टायर असतील तर दुप्पट करा आणि काट्यावर आलेल्या मागच्या एक्सलच्या वजनाशी ताडून बघा. गाडीला चार टायर चार जातीचे असतील तर सगळ्यात कमी आकड्याचा टायर धरा. त्याच बाजूला अंडाकृती चौकटीत चार अंक असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत आहे म्हणून दहा वर्षांचा टायर भरल्या गाडीला ठेवणं म्हणजे नक्षीवर विश्वास आणि रबरावर अविश्वास. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते, त्या वाकण्यानं आतून तापते. एप्रिलमध्ये तासगावचा बेदाणा किंवा वाईकडची हळद भरून सांगलीच्या रस्त्याला दुपारी निघालात, डांबर तापलेलं, माल जास्त आणि हवा कमी, तर टायर फुटायला चौथं काही लागत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. तापल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नका.

चढाचं गणित इंजिनचं आहे, म्हणून ते कमी धोक्याचं. तरी एक उदाहरण बघा. २००५ मध्ये आलेला टाटाचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, दोन सिलिंडरचा, ७०२ सीसीचा, १६ अश्वशक्तीचा आणि पाऊण टन मालासाठी बनवलेला. गाडी-माल मिळून दीड टन धरा. घाटातल्या दहात एक अशा चढाला तो ताशी वीसने सहज चढतो. त्याच्यात पाऊण टनाऐवजी पावणेदोन टन टाकले, तर ताशी वीसला जवळजवळ २० अश्वशक्ती लागतात. त्याच्याकडे त्या नाहीतच. मग तो चौदा-पंधराच्या वेगाने पहिल्या गियरमध्ये रांगतो, रेडिएटरला वारा मिळत नाही, पाणी तापतं. मागे उभ्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले की ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी ढकलतो आणि जळका वास येतो. तापमानाचा काटा वर गेला तर बाजूला घ्या, चाकाखाली मोठे दगड लावा (भरल्या गाडीला चढावर नुसता हँडब्रेक पुरत नाही) आणि इंजिन काही वेळ हळू चालू राहू द्या, म्हणजे पाणी फिरतं राहील. पाणीच गळून गेलं असेल तर मात्र लगेच बंद करा. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण फिरवताच वाफ होऊन तोंडावर येतं.

उताराची गोष्ट वेगळी. तिथे वजनच गाडी ओढतं आणि ते थांबवायचं काम ब्रेकचं. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी साधारण ६०० मीटर खाली येते. तीन टनांची भरलेली गाडी तेवढं उतरताना जी ऊर्जा सोडते ती सुमारे पाच युनिट विजेएवढी. थोडी टायर रस्त्याला घासण्यात आणि वाऱ्यात जाते. उरलेली जर सगळी ब्रेकमध्येच जिरवली, तर चाळीसेक लिटर गार पाणी उकळीला येईल इतकी उष्णता त्या चार चाकांत अर्ध्या तासाच्या आत तयार होते. साडेचार टन असतील तर साठ लिटर. ही उष्णता जाणार कुठे? ड्रम तापतो, तापला की फुगतो, आणि लाइनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी) त्याच्यापर्यंत पोचायला पेडल आणखी खाली दाबावं लागतं. लाइनर तापला की त्याची पकड सुटते. ड्रायव्हर जास्त जोरात दाबतो, उष्णता आणखी वाढते.

जुन्या गाडीत त्याच्या पुढचा टप्पा येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० वर येते. चार-पाच वर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत, चाकाजवळच्या तापलेल्या व्हील सिलिंडरमध्ये ते उकळतं आणि त्याचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दबते. पेडल थेट तळाला जातं आणि चाकांना काहीच कळत नाही. ‘ब्रेक फेल’ म्हणून जी बातमी येते, तिच्यात बरेचदा मोडलेलं काहीच नसतं. तासाभराने गाडी थंड झाली की तेच ब्रेक पुन्हा लागतात, त्यामुळे नंतर तपासणाऱ्यालाही काही सापडत नाही.

यावरचा उपाय जुन्या ड्रायव्हरांना पाठ आहे: ज्या गियरने घाट चढलात त्याच गियरने उतरा. खालच्या गियरमध्ये इंजिन स्वतः गाडी धरून ठेवतं आणि ती उष्णता ब्रेकऐवजी इंजिनात जाते. खालचा गियर उतार सुरू होण्याआधी, घाटमाथ्यावरच टाकायचा. गाडी सुटल्यावर खालचा गियर पडत नाही आणि पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते. ब्रेकवर सतत पाय घासत ठेवायचा नाही. ठाम दाबून वेग पस्तिसावरून पंचविसावर आणायचा, मग पूर्ण सोडायचा, म्हणजे ड्रमला मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो. आणि खाली पोचल्यावर तापलेल्या ड्रमवर बादलीनं पाणी मारायचं नाही, बिडाचा ड्रम तडकतो.

न्यूट्रल करून उतरण्याची हौस डिझेल वाचतं म्हणून आहे. वाचत नाही. गियरमध्ये, पाय उचललेला असताना, चाकंच इंजिन फिरवत असतात आणि पंप डिझेल जवळजवळ किंवा पूर्णच बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला त्याला डिझेल द्यावंच लागतं. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीनदा दाबेपर्यंतच साथ देतो. त्याची हवा खेचणारा पंप इंजिनवर चालतो. पुढे पेडल इतकं कडक होतं की दोन्ही पायांनी दाबलं तरी पुरत नाही.

सपाट रस्त्यावरही थांबण्याचं अंतर वाढतं. ताशी ५० वेगाला, चांगल्या ब्रेकची तीन टनांची गाडी समजा १६ मीटरमध्ये थांबते. ब्रेकची ताकद तेवढीच ठेवून वजन साडेचार टन केलं तर २४ मीटर. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेले चौदाएक मीटर वेगळे.

आता दोन विशेष माल. आटपाडी, जत, माण भागात उन्हाळ्यात पिकअपवर पाण्याची टाकी घालून फिरणं हे नेहमीचं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे २००० लिटरची टाकी भरली की दोन टन झालेच. लोक म्हणून अर्धी भरतात आणि वजनाचा प्रश्न सुटला तरी दुसरा उभा राहतो. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर बाहेरच्या बाजूला धावतं आणि ब्रेकला पुढे आदळतं. मोठ्या टँकरला आत आडव्या भिंती असतात, घराच्या प्लॅस्टिक टाकीला नसतात. एक मोठी अर्धी नेण्यापेक्षा ५०० लिटरच्या दोन टाक्या भरून, घट्ट बांधून नेलेल्या बऱ्या.

आणि कडबा. तिथे वजन पासिंगमध्ये असतं पण उंची नसते. दोन चाकांमधली रुंदी १.४ मीटर आणि सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून एक मीटर असेल, तर २० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी कागदावर ताशी ४२ ला उलटते. तोच मध्य दीड मीटरवर गेला की ३४-३५ ला. पाटे एका बाजूला दबतात, दोर सैल होतो, कडबा कलतो, म्हणून प्रत्यक्षात त्याच्याही आधी. कडब्याच्या गाडीला घाई करणाऱ्याला मी कधी समजू शकलो नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. अपघात झाला आणि काट्याच्या पावतीवर जादा वजन निघालं तर विम्याच्या दाव्यातही फाटे फुटतात. पण रस्त्यावर खरा खोळंबा दंडानं होत नाही. जादा माल तिथेच उतरवून मग गाडी पुढे न्यायची असंही त्याच कलमात आहे, आणि रात्री अकरा वाजता घाटाच्या पायथ्याशी दुसरी गाडी आणि चार हमाल शोधायचे म्हणजे त्या खेपेचं भाडं तिथेच संपलेलं असतं.